तुरटीचं पाणी

आजी, मी तुझ्यावर चिडलेय. तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता सतरा पुरी होतील. आठवीत शाळा सोडली, बीचवरच्या खोल्यांच्या चादरी धुते, चार माणसांत तोंड उघडत न्हाय. पण तुला सांगणार, तू मध्येच गप बस म्हणणार न्हायस.

आपल्या घरात जिची पाळी कायमची गेली तीच गौरीचा नैवेद्य रांधते. वर तुझी अट, रोज तुरटीच्या पाण्याने आतून धुवायचं, तरच बाई चोख. तू आईला मोरीत नेऊन शिकवलंस. तिची पाळी चालू होती, तू पुढचं सांगून ठेवत होतीस. मी दाराशी उभी, मला वाटलं पूजेचं काहीतरी हाय. दोन वर्षांमागे तिची गेली आणि तिने सुरू केलं. मग आग, खाज. लघवीला बसली की दात आवळते. वास आला की तुरटी आणखी जास्त. गेल्या महिन्यात ताप चढला म्हणून अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाई विचारतेय आणि आई लादीकडे बघतेय. शेवटी मीच बोलले, मान खाली घालून. बाई म्हणाली, दह्यात असतात तसले चांगले जंतू त्या जागी असतात, तेच ती आंबट ठेवतात, वाईट जंतूंना वाढू देत न्हायत. पाळी गेली की अंगातलं हार्मोन उतरतं, आतली कातडी पातळ होते, ते जंतू कमी होतात. "उरलेसुरले तुम्ही तुरटीने मारताय," म्हणाली. गोळ्या दिल्या, आत लावायचं मलम दिलं.

गोळ्यांनी ताप गेला. मलम कपाटात तसंच हाय, आई अजून तांब्या घेऊन मोरीत जाते. मी भांडले तर म्हणते, "सासूबाईंनी सांगितलंय. गौरीपुढे खोटी पडू?" कुणाला भितेय ती? तुला. आठ वर्षं झाली तरी तूच उभी हायस त्या मोरीत. पुन्हा ताप आला तर तू येणार हायस का तिला धरून दवाखान्यात न्यायला? तुलाही तसंच होत होतं ना? मग ज्याने आपल्याला आग होते ते दुसरीच्या हातात कसं दिलंस गं?

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. आता न्हाय दाखवणार, पुढचं तुझ्यामाझ्यातलं हाय. तू जेवायला माझ्या बाजूला बस म्हणायचीस आणि मी ताट उचलून उंबऱ्यावर जायचे, इथं वारा येतो म्हणायचे. वारा न्हवता, आजी. तुझा वास यायचा.