ऑगस्टस टॉलिव्हर यांचा साटिनचा पट्टा

मी, लव्हिनिया टॉलिव्हर, दिवंगत मुष्टियोद्धा ऑगस्टस टॉलिव्हर यांची पत्नी, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, राहणार बाल्टिमोर, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. स्मरण गेलेले नाही.

१. घर मुलगी ओडेसा हिला. मागचे दार अडते, पण नवे करू नये. रंधा मारला की पुरे.

२. बँकेतली शिल्लक चर्चच्या स्वयंपाकघराला. शवपेटी साध्या पाइनची. पितळी कड्या लावल्यास मला वर गेल्यावरही आवडणार नाही.

३. पट्टा. यांनी ‘काळ्यांचा जगज्जेता’ हा किताब अकरा वर्षे राखला. गोरा जगज्जेता पेपरात ‘मी काळ्याशी लढत नाही’ असे छापून आणी, की विषय संपला. याला ‘रेघ ओढणे’ म्हणत. काळ्यांच्या किताबाला पट्टा कोणी देईना, म्हणून मी माझ्या लग्नाच्या साटिनचा शिवला. पितळी पत्रा न्हाव्याच्या दुकानातल्या मंडळींनी वर्गणीतून दिला.

४. लूथर पेटिग्रू. हा आमच्या मागच्या अंगणात यांच्याकडून शिकला, माझ्या हातची मक्याची भाकरी खाऊन वाढला. आमच्या वजनगटात गोऱ्या जगज्जेत्याशी लढत अखेर त्याला मिळाली आणि तो जिंकला. चर्चमध्ये आम्ही आनंदाने रडलो. यांनी लगेच माझ्याकडून त्याला आव्हान लिहून घेतले. लूथर स्वतः आला, माझ्या टेबलाशी बसून म्हणाला, “दोन काळ्यांची लढत बघायला तिकीट कोण काढणार, वहिनी?”

हे म्हणाले, “लूथर, त्यांनी रेघ ओढली ते समजतं रे. तू खडू कधी हातात घेतलास?”

तो हसला आणि आणखी भाकरी मागितली. मी वाढली. त्याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या तीन आव्हानांना उत्तर आले नाही. हे मरेपर्यंत गोदीवर पोती उचलत राहिले. आता लूथर आपल्या खानावळीत यांच्याबद्दल सांगतो, “गस माझ्या तोडीचा नव्हता,” आणि तिथल्या भिंतीसाठी पट्टा मागतो.

माझी अट एवढीच: खालील वाक्याखाली त्याने सही करावी, म्हणजे पट्टा त्याचा. कापड गेले तरी चालेल. सही न केल्यास पट्टा ओडेसाला.

‘गसने मला चार वेळा आव्हान दिले. मी भ्यालो, म्हणून लढलो नाही.’

सही :

टीप : लूथर आज सकाळी आला. चष्मा मागून दोनदा वाचले. म्हणाला, “वहिनी, गस असता तर त्यानं हे मागितलं नसतं.”

“नसतंच मागितलं. म्हणून मी मागते.”

त्याने टोपी घातली. “देव तुमचं भलं करो,” म्हणाला आणि गेला.

पट्टा ओडेसाला.

लव्हिनिया टॉलिव्हर

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही केली :
१. कॉर्नेलिया बीझ्ली, शेजारीण
२. रेव्हरंड आयझेया मंक

बाल्टिमोर, सोमवार, १२ ऑक्टोबर १९३१