नाव सांगायची पाळी

लोणावळे, बुधवार

तीर्थरूप आबांस,

तुमच्या शालूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का? भात झोडून झाला का?

इथे म्युनिसिपालटीच्या निवडणुकीने आळीला स्वस्थता नाही. उमेदवार दत्तोबांच्या भागूबाईंनी बायकांची मतं मिळावीत म्हणून हळदीकुंकू केलं. मला विधवेला कोण बोलावणार? घरात बसून उखाणे ऐकले. मागाहून त्यांना कळलं की आळीत मत असलेली बाई मी एकटीच, कारण मत घरपट्टी भरणाऱ्यालाच, आणि हे गेल्यावर ती माझ्या नावावर झाली. तेव्हा बाई फराळाचं ताट घेऊन परसदारी आल्या.

"शालूबाई, राग धरू नका. तुम्हाला विसरले नव्हते मी."

"मग पुढच्या दाराने यायचं होतं," मी म्हटलं. ताट ठेवून घेतलं नाही.

धाकटे भाऊजी विचारतात, "वहिनी, मत द्यायला पुरुषांच्या रांगेत उभ्या राहणार?" मी जायचं ठरवलंय. तुम्ही नको म्हणणार नाही ना?

माझी धास्ती वेगळीच आहे. तिथला कारकून नवऱ्याचं नाव विचारतो. मी ते फक्त उखाण्यात घ्यायची, आणि हे गेल्यापासून तेही नाही. चार माणसांत आवाज फुटेल का, या विचाराने कशात जीव लागत नाही.

म्हणून आज चुलीपाशी एकटी असताना नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. नीट घेता आलं. मग उगीचच किती वेळ दाराकडे बघत बसले.

आईला जपा.

तुमची लेक,
शालू