जात्याचा खालचा दगड

शहादे, चैत्र वद्य पंचमी, शके १८५७

रा. रा. उदेसिंगदादा यांस,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीचा नवरा भीमसिंग याचा दंडवत. (कागदावर दंडवत सोपा पडतो. समोर घातला तर तुम्ही उठू द्याल की नाही, शंका आहे.) तुमची प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि नवी म्हैस कशी आहे ते कळवावे. इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत असते. ती मी पाळली, असे समजावे.

दादा, तुम्ही बहीण दिलीत ती सरकारी ओव्हरसियरला, हे मी विसरलेलो नाही. डोक्यावर साहेबी टोपी, हाताखाली दहा माणसे, आणि रस्त्याने निघालो की पाटीलसुद्धा थांबून रामराम करायचा. ती नोकरी सोडून कारखानदार व्हायला निघालो त्या दिवशी तुम्ही एवढेच म्हणालात, की जावईबापू, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी तेव्हा हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पहिला उद्योग विजेचा. हस्तीमल शेठजींच्या दुकानात डायनामो बसवून दिवा लावला. अख्खे शहादे बघायला लोटले आणि त्यामागून शिवारातले झाडून सगळे किडेही आले. नेमका चातुर्मास. शेठजी जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, पाणीदेखील गाळून पिणारे. दिव्याखाली मेलेल्या पाखरांचा सडा पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी उपास मात्र केला. (शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.) पुण्याच्या कॉलेजात वीज शिकलो, पण ती ज्याच्या घरी न्यायची त्याला आधी चार गोष्टी विचाराव्यात, हे काही शिकलो नाही. मग शहादे-नंदुरबार मोटार काढली, तीही ज्येष्ठात. आठव्या दिवशी तापीला पूर आला. मोटार या काठाला, पेट्रोलचे डबे आणि मिस्त्री त्या काठाला! दिवाळीपर्यंत मोटारीत कोंबड्या अंडी घालत होत्या. पूल कसा बांधावा हे मला पक्के येते, दादा. पूल नसेल तेव्हा काय करावे हे नावाड्याला विचारायला हवे होते.

एवढे होऊनही तुमची बहीण कधी बोलली नाही. उलट कोंबड्यांना दाणे टाकायला रोज मोटारीत जायची. तेव्हा खोटे कशाला बोलू, सगळा दोष माझाच.

मग आणली पिठाची गिरणी. इंजिन सुरू केले की ते खोलीभर नाचायचे. पायाला एक जड, घट्ट, सपाट दगड हवा होता. सातपुड्यात दगडांना काय तोटा? पण मला घाई. तुमची बहीण रुखमाबाई पाणी भरायला गेली होती. तेवढ्यात मी घरच्या जात्याचा खालचा दगड उचलला, कडेने चार भोके पाडली, बोल्ट घातले आणि वर चुना ओतून मोकळा झालो. इंजिन असे शांत बसले म्हणून सांगू! मी पेढे वाटले. पहिला पेढा तिलाच दिला.

तुमच्या आईने लग्नात दिलेले जाते ते. त्याला सुपारी बांधून पाच सुवासिनींनी आमची हळद दळली होती, आणि मला तो नुसता दगड दिसला. तिने पेढा पाटावर ठेवला आणि म्हणाली, "तुमनं इंजिन तुमले ऱ्हाऊ द्या. हाई जातं मन्ही मायनं शे." बाई माहेरी जाताना गाठोडे नेते, पेटी नेते. तुमच्या बहिणीने जात्याचा वरचा दगड मांडीवर घेतला आणि गाडीवान रायसिंगच्या बैलगाडीत बसली. मी गिरणीच्या दारात उभा होतो. थांब म्हणायला तोंड उघडले, पण मागे इंजिन चालू होते.

गिरणीही चालली नाही. शेजारच्या छबूबाईने गावभर सांगितले, "बायकोनं जातं जेनी गाडी टाकं, तेना गिरणीना पीठनी भाकर गोड लागी का?" बायकोचे जाते पुरणाऱ्याच्या गिरणीत एक बाई दाणे घेऊन फिरकली नाही. बरेच झाले म्हणा. घर खायला उठते, दादा. पहाटे जात्याची घरघर ऐकू येत नाही म्हणून मला जागच येत नाही.

वहिनींना नमस्कार, तुमच्या लेकीला, सोनीला, आशीर्वाद.

तुमचा चुकलेला,
भीमसिंग

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. सोनीच्या लग्नाची हळद त्याच जात्यावर दळायची, असा तुमच्या आईचा शब्द होता. वरचा दगड तुमच्याकडे, खालचा माझ्याकडे. पाया फोडून मी तो काढला आहे. इंजिन आडवे झाले, होऊ दे. बहिणीला विचारा, ती वरचा घेऊन इकडे येते, की मी खालचा घेऊन तिकडे येऊ? दगड तेवढा पाठवा, माणूस नको, असे म्हणाली तर मात्र मला कळवू नका.

आणखी ता. क. भोके बुजत नाहीत. पुष्कळ प्रयत्न केला.

शेवटचे ता. क. काल तो दगड धुताना सुचले, की जात्याला सायकलची साखळी जोडली तर तिचे खांदे दुखणार नाहीत. नकाशा काढला, फार सुरेख उतरला होता. मग त्याच कागदाने चूल पेटवली आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. नकाशा जळाला, हे तिला जरूर सांगा. भाकरीही जळाली, ते सांगू नका.