पत्र्यावरचे दगड

५ मे, सोमवार

बांधकामाला गुत्तेदार मिळाला! तिघांनी नकार दिल्यावर मिळाला. बाबा असे खूश, जसं काही घरातल्या पोरीला स्थळ आलं. पहिला म्हणाला होता, "एवढ्या बारक्या कामाला कोण येतंय?" दुसऱ्यानं फोन उचलला, सगळं ऐकलं आणि ठेवून दिला. तिसरा येऊन, बघून, दोन कप चहा पिऊन गेला तो गेलाच.

चौथा मलप्पा. उदगीरचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात दोन मोबाइल, दोन्ही बंद. अंगणात उभं राहून त्यानं आमच्या घराकडं असं बघितलं, जसं डॉक्टर मरायला टेकलेल्याकडं बघतो.

"कंडक्टर साहेब, हे पाडून नवीनच का बांधंना?"

"ते नको. अंगणात एक खोली पायजे," बाबा म्हणाले. "पत्र्याची. हलकी. अंगावर पडली तरी माणूस मरू नये अशी."

'पडली तरी' म्हणणारं गिऱ्हाईक! गुत्तेदाराला याहून मोठा स्वर्ग कोणता?

६ मे

सगळं जळकोट गाव एकच विचारतंय — घर असताना अंगणात खोली कशाला? ज्याला त्याला मी वेगळं उत्तर देतो. सकाळी शेळ्यांसाठी. दुपारी म्युझियम. संध्याकाळी एकाला सांगितलं, एसटीचा नवीन डेपो होतोय.

खरं उत्तर भूकंप. त्र्याण्णवचा. बाबांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. तेव्हा चौदा वर्षांचे होते. रात्री घरात पाच माणसं झोपली होती, सकाळी हे एकटे उरले. मग मामानं इथं आणलं, वाढवलं, हे घर दिलं. घर पण कसं! दीड हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. वा! भूकंपातून उरलेल्या पोराला अगदी जपून निवडलेलं.

हे सगळं मला मायनं सांगितलेलं. बाबा त्या रात्रीवर एक शब्द बोलत नाहीत. एवढी वर्षं आतच झोपले बिचारे, पण गेल्या वर्षी हादरा बसला, ताटल्या वाजल्या, आणि त्या दिवसापासून त्यांची बाज अंगणात. थंडीत दोन वाकळा, पावसात ताडपत्री. उदगीर आगाराच्या गाडीत कंडक्टर म्हणून दिवसभर घाटातून फिरतात, भीत नाहीत. भितात कशाला, तर माळवदाला.

मी आतच झोपतो. मधोमध, हातपाय पसरून. कुणीतरी मर्द पाहिजे घरात.

९ मे

मलप्पा आला नाही. फोन लावला (एक चालू झाला होता!), तर म्हणतो, "नाळे." कानडीत नाळे म्हणजे उद्या. मलप्पाच्या कानडीत पुढचा आठवडा.

बाबा म्हणतात, "येईल. माणूस चांगलाय." बाबांना सगळेच चांगले वाटतात. फुकट प्रवास करणारेसुद्धा.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. मायनं पहाटे उठून खीर केली, पांढरी साडी नेसली, वंदनेला विहारात निघाली, आणि दारात कोण? मलप्पा! आठवडाभर ज्याची वाट बघितली, तो बरोबर सुट्टीच्या दिवशी उगवला. "पौर्णिमेला काम सुरू केलेलं बरं असतंय, ताई." दोन वाट्या खीर खाऊन चुन्याची फक्की मारली, दहा बाय बाराचा चौकोन आखला आणि गेला.

त्या चौकोनात बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसले. चार पांढऱ्या रेघांच्या आत. माय म्हणाली, "दार कुठून हाय, तेवढं सांगा. चहा आणायचाय." बाबा हसले. मोठ्यानं. मला आठवत नाही ते शेवटचे कधी हसले होते.

१५ मे

लोखंडी अँगल उभे राहिले! चारी कोपऱ्यांना खड्डे, काँक्रीट, वर चौकट. खरं सांगायचं तर देखणं दिसतंय.

फोटो काढून धम्मप्रियाला पाठवला. खाली लिहिलं: "तुझ्याविना ही चौकट रिकामी आहे."

दोन तासांनी उत्तर: "कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या नाहीत. वाऱ्यात हलेल."

अकरा वेळा वाचलं. 'हलेल' म्हणाली. म्हणजे काळजी आहे! नसती तर हलू दे म्हणाली असती.

धम्मप्रिया बिलोलीची. नांदेडला सिव्हिल डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. ती अजून आहे, मी नाही. जानेवारीत सरांनी माझं ड्रॉइंगचं शीट वर्गासमोर धरून विचारलं, "हे कुणाकडून काढून घेतलंस?" मी रात्रभर जागून काढलेलं! तिथंच उभं फाडलं, तुकडे टेबलावर ठेवले, बॅग उचलली, थेट बसस्टँड. लई भारी वाटलं होतं. लातूर फाट्यापर्यंत.

मलप्पाला पट्ट्यांचं सांगितलं.

"कुणी काढलं हे?"

"एक इंजिनिअर आहे ओळखीचा."

"तुमच्यासारखा अर्धा, का पुरा?"

बाकीचे कामवाले हसले. पण पट्ट्या लावल्या म्हाताऱ्यानं. वेल्डिंग करताना म्हणाला, "पुरा दिसतोय."

१७ मे

तिला लिहिलं, "तुझ्या पट्ट्यांनी खोली सावरली, मला कोण सावरणार?" उत्तर: "पत्रा किती गेजचा आणला?"

१९ मे

तीन बाजूंनी पत्रे लागले. आज छत चढलं. दिवस मावळताना मलप्पाची माणसं गेली आणि मी वर बघितलं.

दगड!

पत्र्यावर दगड मांडलेले. पायलीएवढे. ओळीनं चौदा. पत्रा उडू नये म्हणून! भूकंपात डोक्यावर दगड पडू नयेत म्हणून हलकी खोली बांधायची, आणि मग त्या खोलीच्या डोक्यावर दगड ठेवायचे. असली अक्कल जगात कुठं मिळत नसेल. इथं प्रत्येक पत्र्यावर आहेत, शाळेच्या शेडवर, पिठाच्या गिरणीवर, आणि आजपर्यंत मला कधी दिसलेच नव्हते.

बाबा सात वाजता ड्युटीवरून आले. हात-पाय धुतले, नवी सतरंजी काखेत घेतली, खोलीकडं निघाले. आजची रात्र तिथं काढायची म्हणून दोन दिवस सांगत होते. वर बघितलं. दगड दिसले. मग सतरंजी तशीच काखेत घेऊन मागं फिरले, बाजेवर बसले.

"काय झालं?" माय.

"काय न्हाई. उकडतंय आत."

धम्मप्रियाला दगडांचा फोटो पाठवला. यावेळी खाली कविता नाही. ती लगेच म्हणाली, "हे काय आहे? पत्रे हुक बोल्टनं अँगलला आवळायला सांग त्यांना. आजच."

सांगतो. चांगलं सांगतो.

२० मे

सांगितलं.

मलप्पा शिडीवर चढायच्या आत मी वर होतो. पहिला दगड खाली. दुसरा. तो ओरडतोय, "ओ पोरा, ऐक की!" तिसरा त्याच्या मोटारसायकलीच्या बाजूला पडला. (बाजूलाच. मी नेम धरला असता तर लागला असता.) चौदाच्या चौदा खाली टाकले. आणि बोललो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात गाढव होतं, चोर होतं, आणि "माझ्या बापाला मारायला निघालास का" हेही होतं.

मलप्पानं टोपी काढली, घाम पुसला, माणसांना हाक मारली. वेल्डिंग मशीन टेम्पोत चढलं. जाताना मायला तेवढं म्हणाला, "ताई, कंडक्टर साहेबाला सांगा, मलप्पा येऊन गेला."

माय माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस एकटाच असतो.

२१ मे

बाबांना कळलं. एवढंच म्हणाले, "इचारायचं तरी."

२२ मे

दुपारी चारला वळवाचा वारा सुटला. पाच मिनिटांत छताचे तीन पत्रे उचलले गेले. एक बाभळीत अडकला. एक गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला, जसं दळण घ्यायला आला. तिसरा अजून सापडला नाही. कुठल्या तरी शेतात एखाद्या म्हशीला सावली देत असेल.

मग पाऊस. बाज भिजली, गादी भिजली, ताडपत्रीच्या चिंध्या.

बाबा घरात झोपायला आले. माळवदाखाली. दाराच्या अगदी जवळ, पाय उंबऱ्याला लागतील असे. डोळे उघडे. मी त्या बाजूला तोंडच केलं नाही.

२३ मे

पराक्रम सगळा धम्मप्रियाला लिहून कळवला. चांगला रंगवून. वाटलं, आज तरी —

तिचं उत्तर: "मी बोल्ट लावायला सांगितलं होतं. माणसं हाकलायला नाही. तू दर वेळी हेच करतोस, प्रीतम. फाडतोस आणि निघून जातोस. मग मागं राहिलेल्यांनी तुकडे बघत बसायचं."

'मागं राहिलेल्यांनी.'

ते तुकडे टेबलावरून कुणी उचलले, हे मी कधी विचारलं नव्हतं.

२५ मे, रविवार

उदगीरला गेलो. बाबांनी पाठवलं नाही, मायनं पाठवलं नाही. स्वतः गेलो, हे लिहून ठेवतो, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही.

मलप्पा ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मला बघून उठला नाही, "बसा अर्धे इंजिनेर" म्हणाला. समोर शेंगांची पाटी सरकवली. चार शेंगा फोडेपर्यंत माफीचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. निघाला तेव्हा असा निघाला: "मोटारसायकलीला लागलं तर नाही ना?"

त्यानं कोपऱ्यातली गोणी ओढून माझ्यापुढं उघडली. हुक बोल्ट. वायसर. सगळे नवे, तेल लावलेले.

"वीस तारखेला हेच घेऊन आलतो. दगड रातच्यापुरते होते, वाऱ्याला. तुमच्या वडिलांनी आदल्या सांजंला फोन केलता मला. 'मलप्पाअण्णा, वर दगड हायत, मला खाली झोपवंना. रागावू नका, पण काढता का?' एवढा मोठा माणूस. रागावू नका म्हणतो! मी रातच्याला दुकान उघडायला लावून बोल्ट घेतले."

शेंगा लई कडू लागल्या. शेंगांचा दोष असावा.

"पत्रे उडाले," मी म्हणालो.

"उडणारच. दगड काढले, बोल्ट न्हाई, मग काय मंत्रानं थांबतील?"

"कधी येता?"

मलप्पानं माझ्याकडं बघितलं. "नाळे," म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दावर विश्वास ठेवला.

२६ मे

आला नाही. अर्थात!

फोनवर म्हणाला, पत्रे लातूरहून यायचेत, गुरुवारी नक्की. बाबांना गोणीचं सगळं सांगितलं. माफी मागितली की नाही ते नीट आठवत नाही. मागितल्यासारखं काहीतरी केलं. बाबा म्हणाले, "तीन रात्रीचा तर प्रश्न हाय." आणि उंबऱ्याजवळ आडवे झाले.

धम्मप्रियाला विचारलं, डिप्लोमाला परत नाव घालायला काय काय लागतं. तिनं यादी पाठवली. सात ओळींची. कोरडी ठणठणीत. शेवटी मात्र लिहिलं: "शीट मीच चिकटवून ठेवलंय."

एकही कविता सुचली नाही. पहिल्यांदाच.

२८ मे, बुधवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हादरा बसला. मोठा नव्हता. भांडी वाजली, माळवदातून माती सांडली, संपला.

मी रस्त्यावर होतो. कसा आलो माहीत नाही. पायात चप्पल नाही, हातात मोबाइल. अंगण ओलांडून, फाटक ओलांडून, पार गिरणीपाशी. माय आत चुलीपाशी होती, बाबा मोरीत. दोघांना ओलांडूनच आलो असणार. हाक मारली नाही. एकदाही नाही.

बाबा मायचा दंड धरून बाहेर आले. अंगावर साबण तसाच. तिला बाजेवर बसवलं, मग माझ्याकडं चालत आले. वाटलं, मारतील. मारायला पाहिजे होतं.

शेजारी उभे राहिले. माझ्याकडं नाही, घराकडं बघत. अंगावरचा साबण हातानं पुसत म्हणाले,

"त्या रात्री मीबी असाच पळालतो. कुणाला हाक न मारता."