रेडिएटरच्या मागचा हिरवा रंग

७ सप्टेंबर, रविवार. किचनर, कॅनडा.
काल गणपती गेले. आज निवांत बसून हॉलकडे पाहिलं. जुलैमध्ये हा हॉल मी स्वतः रंगवला, चारही भिंती क्रीम. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले तेव्हा अठरा अंगठे आले होते. फक्त रेडिएटरच्या मागे आधीच्या मालकाचा हिरवा तसाच राहिलाय. घर तापवणारा हा रेडिएटर जुना, लोखंडी. मागे जेमतेम चार बोटं जागा. कोणाला दिसत नाही.

रश्मी म्हणाली, बाबांना दिसेल.

तिचे बाबा म्हणजे दादासाहेब. नागपूरला पीडब्ल्यूडीतून निवृत्त. कोणाच्याही घरी गेले की आधी कपाटामागे हात फिरवतात. आमच्या लग्नात भर मांडवात म्हणाले होते, जावई हुशार आहेत, पण यांच्या हातून खिळा ठोकला जायचा नाही. बारा वर्षं झाली. मी विसरलेलो नाही.

सतरा ऑक्टोबरला ते आणि सासूबाई येतायत. या वेळी मागे हात फिरवतील आणि गप्प होतील. तासाभराचं काम आहे. उद्या संपवतो.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. नवीन काम सुरू करता येत नाही. मी हे मानत नाही. पण दादासाहेब मानतात आणि भिंत त्यांच्यासाठी आहे. रश्मीने विचारलं, मग सकाळी नवा फोन कसा ऑर्डर केलास. फोन हे काम नव्हे.

१४ सप्टेंबर
रेडिएटरमागे रंग कसा द्यायचा यावर सहा व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगतात, हीटिंग बंद असतानाच करा, आणि आधी भिंत पुसून घ्या. इतकं बेसिक मला सांगायची गरज नाही. लांब दांड्याचा बारीक रोलर मागवला. निम्मं काम झालं.

२२ सप्टेंबर, सकाळी ७
घटस्थापना. दिवस उत्तम. रोलरही आलाय. पण उपासाच्या पोटी वाकून काम केलं की चक्कर येते. उपास रश्मीचा आहे, पण घरात एक वातावरण असतं.

२ ऑक्टोबर, दसरा
रोलर, ब्रश, टेप, रंगाचा डबा, सगळं पाटावर मांडून पूजा केली. रोलरला झेंडू वाहिला. पूजेतली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, त्यामुळे नाइलाज झाला. रश्मी नुसती बघत होती.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी ३
लाँग वीकेंड. कामाला प्रारंभ. पहिलाच हात झकास बसला. दुसऱ्या हाताला रोलरचं डोकं निसटून मागे पडलं. काढतो.

दुपारी ३.४०
डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत रेडिएटरच्या मागे आहे. जाईने विचारलं, आर यू स्टक, डॅड? मी म्हणालो, अँगल बघतोय. नऊ वर्षांच्या मुलीला सगळंच सांगायचं नसतं.

४.३०
रश्मीने वरून खोबरेल तेलाची अख्खी बाटली ओतली. हात सुटला. रोलरचं डोकं तिथेच आहे.

१२ ऑक्टोबर
ब्रश काठीला बांधून पुन्हा सुरुवात. रंग भिंतीवर टिकतच नाही. थेंब थेंब होऊन खाली येतो. डबा हलक्या प्रतीचा निघाला. जाईने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, इट्स ऑयली. पोरांना रंगकामातलं काय कळतं.

१३ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग
पहाटे बाहेर शून्य डिग्री. रश्मीने हीटिंग सुरू केलं. तासाभरात घरभर खोबरेलाचा वास. जाईची मैत्रीण आली होती, तिने विचारलं की तुमच्याकडे स्पा आहे का. रश्मी म्हणाली, अजून वेळ आहे, पेंटर बोलवू. मी स्पष्ट नकार दिला. मग दादासाहेबांना काय सांगायचं?

१६ ऑक्टोबर
नवी स्ट्रॅटेजी. सोफा रेडिएटरला टेकवला. पंचाहत्तरीचा माणूस विमानातून उतरून सोफा सरकवणार नाही. प्रश्न मिटला.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
आले. दादासाहेबांना थंडी वाजत होती, म्हणून रश्मीने त्यांना त्याच सोफ्यावर बसवलं, रेडिएटरकडे पाठ करून. पाच मिनिटांत त्यांनी मान वळवली. म्हणाले, खोबरेल काहून वास मारून राहिलं? सोफा त्यांनी सरकवला नाही. मला सरकवायला सांगितला.

मागे हात घातला. बोटं दिव्यापाशी धरून पाहिली. तेल, क्रीम, हिरवा. रुमालाला पुसली आणि चहा मागितला. प्रवासाने थकले असावेत.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी खाली आलो तर हीटिंग बंद आणि दादासाहेब स्वेटर चढवून रेडिएटरपाशी मांडी घालून बसलेले. जाईच्या हॉकी स्टिकला फडकं बांधून, भांड्याच्या साबणाने त्यांनी सगळी भिंत पुसून घेतली होती. रोलरचं डोकंही बाहेर काढलं होतं. झेंडूची एक पाकळी अजून त्याला चिकटलेली.

मी म्हणालो, द्या, मी करतो. त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. इथे धरा म्हणाले.

पाऊण तासात भिंत झाली. चहा होईपर्यंत हिरव्याचा मागमूस नाही. मी तेवढा वेळ गुडघ्यांवर होतो. एकदा खाजवायला हात हलला, तर म्हणाले, काहून हलवता, स्थिर धरा ना.

नंतर किचनमध्ये ते सासूबाईंना सांगत होते, जावयांनी टॉर्च बाकी चांगला धरला. मी दाराआडून ऐकलं. फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

उद्या ते बेसमेंटची भिंत बघणार आहेत. टॉर्च चार्जिंगला लावलाय.