कोकिळेच्या अंगात येतं

सेलू, मंगळवार, ४ मार्च १९४१

'मन म्हणजे काय?' संपादकांना लेख हवा, गुरुवारच्या टपालाने. एका रकान्यात मन! बसवू.

इंग्रजी पुस्तक म्हणतं, दाबलेली इच्छा आजार होऊन बाहेर पडते. एवढं लिहिलं नि शेजारी आरडाओरडा! आबासाहेबांची सून कोकिळा अंगणात घुमत होती. केस मोकळे, आवाज भलताच—

"आबा! जिंतूरला धाड हिला! बहिणीच्या हळदीला मी हिच्यासंगं बसनार हाय!"

कालच तिने माहेरी जाऊ का विचारलं, तेव्हा हेच आबासाहेब म्हणाले होते, "आधी ज्वारी, मग लग्न." आज हात जोडून उभे! सासू धुरपदाबाई लगबगीने कुंकू लावत होत्या.

बुधवार

आबासाहेबांनी गाव पालथं घातलं. हकीमसाहेब— "दिमाग में गर्मी है, गुलकंद दो." दवाखान्यातले डॉक्टर— हिस्टेरिया, झोपेचं औषध. देवळातला गुरव मुंजाजी— "आईच हाय. ताटकळत ठिवू नका."

बाई एक, मनं तीन! ज्याच्या दारात जावं, त्याच्या घडणीचं मन. लेख सापडला!

संध्याकाळी आबासाहेब माझ्याकडे. "तुमी पुस्तकं वाचता. खरं हाय का सोंग? सोंग निघालं तर जिंतूर बंद. कायमचं."

उद्या सांगतो म्हटलं. रात्री पुस्तक पुन्हा चाळलं.

गुरुवार

सकाळी आमच्या हिने विहिरीवर कोकिळेला विचारलं. "काकू, कायबी आठवत न्हाई. पन अंग लय हलकं वाटायलंय." हिचा विश्वास बसला. माझाही.

आबासाहेबांना सांगितलं— सोंग नव्हे. पुस्तकात याला आजार म्हणतात, पण ते पुस्तक तिकडच्या माणसांवर लिहिलेलं. इथल्या मनाला इथलीच वाट सापडणार.

"म्हंजे?"

"म्हणजे धाडा."

बोजा उतरल्यासारखे हसले! सुनेपुढे नमायचं नव्हतं, देवीपुढे चालत होतं. लेख टपालात पडला.

शनिवार

छकडा गेला. कोकिळा हिरव्या लुगड्यात, तोंडभर हसू.

रविवार

धुरपदाबाई ताक घेऊन आल्या. "भाऊजी, काय लिवलं हो तुमी?" सांगितलं. पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "सुनेनं मागितलं की न्हाई म्हनावं लागतंय. आईला कोन न्हाई म्हनंल?"

उंबऱ्यात थबकल्या. हळूच— "माझ्या बी अंगात यायचं. सासू होती तवर."