रुमाल टाकून धरलेली जागा

पापाकुरा, ऑकलंड

मी तुला हातानं चार पानं लिहिली आणि उत्तर म्हणून तुझ्या सुनेनं आमच्या प्रमोदच्या फोनवर एक अंगठा पाठवला. पिवळा, वर केलेला. शकु, अंगठा आपली आजी उठवायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. तू चौथी पास आहेस, माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त, आणि त्याचा तोरा जन्मभर मिरवलायस. मग हा अंगठा मी कुणाचा समजू?

चि. शकुस, आक्काचे आशीर्वाद. (द्यायचे नव्हते, पण पत्र कोरडं जाऊ नये.) गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की नुसतंच दुखतात म्हणून गावभर सांगतेस? रणजितचं पोट फोटोत त्याच्या आधी आलंय, त्याचा रात्रीचा भात बंद करायला जुईला सांग. इकडं आम्ही ठीक. म्हणजे सकाळी प्रमोद पेनरोजला त्याच्या कारखान्यात जातो, मधुवंती तिच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात, इरा शाळेत, आणि मग मागं मी ठीक असते. घरात आवाज काय तो फ्रिजचा. रस्त्यावर माणूस दिसलंच तर ते कुत्रं फिरवत असतं, "किआ ओरा" म्हणून हसतं आणि पुढं जातं, थांबायचं नाव नाही. इराला मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आणि दोघींना वाटतं आपलं बोलणं झालं. दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. त्याला इथं डेअरी म्हणतात, पण दूध एका कपाटात आणि बाकी सगळा गोळ्या-बिस्किटांचा बाजार. दुकानवाला गुजराथी आहे. आम्ही हिंदीत बोलतो, दोघांचंही सारखंच वाईट. रोज घ्यायला काही नसतं, म्हणून काड्यापेटी घेते. घरात आता काड्यापेट्यांची चळत झालीय आणि शेगडी आहे विजेची. मधुवंती हल्ली माझ्याकडं जरा जपून बघते.

तर मुद्दा. प्रमोदचं म्हणणं आहे, आई, तू आता इथंच राहा, कायमची. त्याचे कागद सरकारात घालायचेत, माझं "हो" तेवढं अडलंय. मी आपली "बघू, बघू" करत होते, तर त्यानं ठरवलं की आईनं देश पाहिलाच नाही, म्हणून अडलंय. इराला सुट्टी लागल्यावर त्यानं आम्हाला विमानानं खालच्या बेटावर क्राइस्टचर्चला नेलं आणि तिथून डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाणाऱ्या आगगाडीत बसवलं. या गाडीत लोक कुठं जायचं म्हणून बसत नाहीत. डोंगर बघायला बसतात आणि बरेचजण त्याच गाडीनं परत येतात. (उद्या रणजित तुला म्हणाला, चल, वाईहून महाबळेश्वरच्या एसटीत बसू, स्टँडवर चहा पिऊ आणि त्याच एसटीनं घरी येऊ, तर तू त्याची दृष्ट काढशील.) तिकिटं उशिरा काढलेली, त्यामुळं तिघांच्या जागा एका डब्यात आणि माझी एकटीची पुढच्या. मधुवंती म्हणाली, मी बसते तिकडं. मी म्हटलं, घाटात पोरीला गाडी लागली तर आई जवळ हवी. प्रमोद म्हणाला, "स्वीट ॲज, आई!" हे इथलं अर्धवट बोलणं. कशासारखं गोड, ते कुणी सांगत नाही.

आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. स्टँडवर एसटी वळायच्या आत मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत आले, आणि त्या रुमालावर बसायची हिंमत आजवर एका कंडक्टरनं केली, त्यालाही उठवलं. इथल्या खिडक्या उघडत नाहीत. मग दारातून दोन उंच गोऱ्यांच्या मधून नेम धरला आणि थेट खिडकीशी टाकला. जागांना नंबर असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.) माझी जागा शेजारची, मधल्या वाटेकडची.

तेवढ्यात खिडकीची मालकीण आली. आपल्याच वयाची जपानी बाई, हनुवटीखाली टोपीची नाडी बांधलेली. तिनं तिकीट बघितलं, नंबर बघितला, रुमाल बघितला. मी पदर खोचला. पण ती भांडायच्या ऐवजी कमरेत वाकली. मग मला वाकावं लागलं. ती आणखी वाकली. गाडी हलली तेव्हा कुठं आम्ही दोघी धपकन बसलो, आणि बसलो तर मी खिडकीशी आणि ती बाहेरच्या बाजूला. माझा रुमाल खाली पडला होता, तो तिनं उचलून चौघडी केली आणि दोन्ही हातांनी मला दिला. शकु, इतक्या वर्षांत माझ्या रुमालाचा एवढा मान पहिल्यांदा कुणी ठेवला.

डबा सगळा मुका. कानात बोंडं घालून लोक त्यातून डोंगरांची माहिती ऐकत होते. त्यात मराठी नव्हती, मी काढून ठेवली. बाहेर आधी मेंढ्या, मग आणखी मेंढ्या, मग नदी, अशी की वरून कुणी निळीच्या पुड्या सोडल्यात. मी डबा उघडून तिला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणीनं तिचं नाक लाल झालं, तरी तिनं पुन्हा हात पुढं केला. तिनं मला काळ्या कागदात गुंडाळलेला भाताचा मुटका दिला. मी कागद सोलायला लागले तर घाईनं थांबवलं. तो खायचाच असतो, समुद्राचं शेवाळ. आत काय होतं ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. मग मी मराठीत बोलले, ती जपानीत, आणि डब्यात बोलणाऱ्या आम्ही दोघीच. नाव फुमिको.

तिनं फोनवर तिच्याकडचे डोंगर दाखवले. त्यांच्यात एक डोंगर ओलांडायला गाड्यांवर गाड्या बदलाव्या लागतात. आधी तिरकी चढणारी गाडी, मग बस, मग तारेवरचा पाळणा, मग बोगद्यातली बस. एका फोटोत दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, माडीपेक्षा उंच, आणि मधून बस चाललेली, काड्यापेटीएवढी. प्रत्येक फोटोत दोन बाया, नाक एकसारखं, टोपीही एकसारखी. एकदा ही खिडकीशी, पुढच्या फोटोत ती. वर्षं जात होती, केस पांढरे होत होते, पण पाळी चुकत नव्हती. मग शेवटचे काही फोटो आले, त्यात हीच एकटी, स्वतःच काढलेले, कपाळ अर्धं कापलेलं. ते तिनं भराभर सरकवले.

मी तिच्या हातात आवळकाठी ठेवली. घाटासाठी आणलेली. तेवढ्यात मोठा बोगदा आला, बाहेरचं सगळं गेलं आणि काचेत आम्ही दोघीच दिसायला लागलो. पलीकडं उजेड आल्यावर मी तिला दंडाला धरून उठवलं आणि खिडकीशी बसवलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, बाई, जागा तुझीच आहे, आता नाटकं नकोत.

ती पलीकडं समुद्राजवळ मुक्कामाला उतरली. फलाटावर प्रमोद आला, म्हणाला, "आवडलं ना, आई? मग काय ठरलं?" मी म्हटलं, आवडलं. खोटं नाही ते. पण आवडलं म्हणजे राहते असं होत नाही, एवढं त्याला इंजिनिअरिंगला शिकवलेलं दिसत नाही. येताना शेजारची जागा रिकामी होती. डोंगर तेच, नदी तीच, पण "ते बघ" म्हणायचं कुणाला? मी झोपून गेले.

असो. मी इथं मजेत आहे, माझी काळजी करू नये.

तुझी,
आक्का

ता. क. पाकिटात रुमाल आहे तो भेट नाही, नाक पुसशील. गाडीतलाच आहे, धुतलाय. तुझ्या मधल्या खोलीत खिडकीशी खाट आहे ना, जुई वाळलेले कपडे टाकते ती, तिच्यावर ठेव. कुणी उचलला तर भांड.

पुन्हा ता. क. प्रमोदला अजून बोलले नाही. पोरगा वाईट नाही, तुझ्या रणजितपेक्षा उजवाच आहे. पण माझी तिकडची खोली मी सोडून आले, तेव्हा आधी जागा पक्की, मग तोंड उघडीन. खिडकीशी रोज मी बसणार नाही, आळीपाळीनं बसू.

आणि उत्तर तू लिहायचंस. रणजितचा फोन नको, जुईचा अंगठा तर मुळीच नको. चौथी पास आहेस ना? मग "ये" लिही, तुझ्या हातानं.